उजव्या खांद्यावरचे पदर

फिर्यादी बाईच्या नवऱ्याच्या एका हाताला करंगळी नव्हती, एवढ्यावरून ते प्रकरण मला अजून लख्ख आठवते. मी सातवी शिकलेली. तेव्हा ब्रह्मपुरीकडच्या ठाण्यात महिला हवालदार होते.

एका बाईने नवऱ्याविरुद्ध छळाची फिर्याद दिली. नवरा म्हणाला, "हे बाई माही बायकोच नाई. धान कापाले आली होती." तिचे आईबाप वारलेले, लग्नाचा अल्बम त्याने जाळलेला, गावात कोणी तोंड उघडेना. लग्न सिद्ध झाले नाही तर तीच खोटी ठरणार होती.

पोलीस पाटलाने खबर दिली, लग्नाचे फोटो बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्या चाचाने काढले होते. चाचा जुन्या निगेटिव्ह यंत्रात घालून संगणकावर घ्यायचा आणि सीडीत भरून ठेवायचा.

"पट्ट्यांवर बुरशी चढून राह्यली बाई, म्हणून सगळं उतरवून ठेवतो."

काळी पट्टी आत जाते आणि पडद्यावर माणसे उभी राहतात. मी पाहतच राहिले. त्याने सीडीतून लग्न शोधले, छापून दिले.

नवरदेवाचा चेहरा मुंडावळ्यांनी अर्धा झाकलेला. नवरा फोटो पाहून हसला. "साहेब, माही उजवी करंगळी नाई. याची डावी नाई. दुसराच कोणी हाय."

ठाणेदार साहेब बाईवर उखडले. "खोटी फिर्याद देतेस?"

"हाच हाय साहेब! मी काऊन खोटं बोलू?"

मी फोटो सोडला नाही. मागे आठ बायका, त्यात दोन म्हाताऱ्या. सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर. मी वीस वर्षे खाकी साडी नेसले, पदर डाव्यावरच. म्हटले, "साहेब, एखादी गुजराती उजव्यावर नेसते म्हणा. अख्खं गाव कसं नेसन?"

आम्ही परत चाचाकडे गेलो. त्याने मूळ पट्टी उजेडात धरली, कडेचे आकडे वाचून तिची सरळ बाजू ओळखली, मग पडद्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! घाईत उलटी घातली, डाव्याचं उजवं झालं."

पंच बोलावले, पट्टी जप्त केली, त्यांच्यासमोर सरळ घालून पुन्हा उतरवली. आता फोटोतल्या नवरदेवाची उजवी करंगळी नव्हती.

नवऱ्याने पाणी मागितले. पाणी पिऊन लग्न कबूल केले. पुढे ती पट्टी न्यायालयातही टिकली.

जाताना बाई म्हणाली, "त्याचं कोणतं बोट नाई, हे मले पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर सांगतलं असतं."

खरे होते. यंत्राची चूक पंचनाम्यात आली. तिला न विचारताच खोटी ठरवायची आम्ही केलेली घाई कुठेच लिहिली गेली नाही.