संथेतली तुटलेली ओळ

ते प्रकरण आठवलं की आजही मला माझाच राग येतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बनारसच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमचं घराणं तीन पिढ्या इथलंच, त्यामुळे ब्रह्मा घाटाच्या गल्लीतलं मराठी प्रकरण आलं की सहकारी हसत फाइल माझ्याकडे सरकवायचे, "साहब, आपके घर का मामला है."

एका सकाळी साठीचे एक वैदिक गुरुजी पुतण्या हरवल्याची खबर द्यायला आले. आईबाप गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलेलं. आता तो तिशीचा होता आणि दोन दिवस घरी आला नव्हता. मुन्शीने नोंद घेतली. पुढच्या तीन दिवसांत टपालाने ठाण्यात एक कॅसेट आली, पाठवणाऱ्याचं नाव नसलेली. त्यात गुरुजींचा खणखणीत आवाज होता: "शेवटचं सांगतोय. ऐकलं नाहीस तर गंगेत सोडून येईन."

गुरुजींना बोलावून मी ती ऐकवली.

"आवाज कोणाचा?"

"माझाच, दरोगाजी. पण हे मी मूर्तीबद्दल बोललो होतो."

त्यांच्या देव्हाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या विष्णूचा हात तुटला होता. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, गंगेत विसर्जित करतात. पुतण्याला मात्र ती जुन्या वस्तूंच्या दलालाला विकायची होती आणि त्यावरून वाद झाला, असं त्यांचं म्हणणं. मी शिपाई घेऊन त्यांचं घर गाठलं. देव्हाऱ्यात मूर्ती नव्हतीच. कुठे गेली, ते गुरुजींना सांगता येईना. ते गप्प झाले. पोलिसाला गप्प माणूस फार सोयीचा. त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं. पुतण्याने घाबरून धमकी टेप केली असावी आणि कुणा मित्राने ती पाठवली असावी, असा तर्क मी बांधला. गुरुजींना अटक केली आणि मल्लाह नावाड्यांच्या होड्या प्रेताच्या शोधात नदीत घातल्या.

कोठडीत गुरुजी दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खाईनात. दोन केळी आणि पाणी, एवढ्यावर राहायचे. रोज एकच विचारायचे, "काही सापडलं का?" गुन्हेगार असाच अंदाज घेतो, असं मी मुन्शीला ऐटीत सांगितलं.

पुरावा पक्का व्हावा म्हणून कोर्टाच्या परवानगीने मी गुरुजींना आवाजाचा नमुना द्यायला विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या प्राध्यापकांनी कॅसेट कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटलं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची, आणि आवाज जितका मोठा तितका डाग गडद. बोलणं ढगांसारखं पसरलेलं होतं, विजेची गुणगुण सरळ काळ्या पट्ट्यांसारखी. धमकीच्या मधोमध एक बारीक उभी रेघ होती.

"जोड असेल, नाहीतर नुसता खटका," प्राध्यापक हिंदीत म्हणाले. "एवढ्यावर लिहून देणार नाही."

मग त्यांनी माउसने गुणगुणीचे पट्टे निवडून पुसले. बोलण्याचे ढग फिके केले. मागे दबलेलं काहीतरी वर आलं आणि त्यांनी ते वाजवलं. लांबून मुलांचं वेदपठण ऐकू आलं. गुरुजींच्या घराला लागूनच पाठशाळा होती.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "थांबा. इथे पोरं एकदाच म्हणतायत."

संथा देताना गुरू ओळ एकदा म्हणतो, विद्यार्थी ती दोनदा म्हणतात. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं, पण माझं लक्ष धमकीवरच होतं. आता पडद्यावरही ते दिसू लागलं: प्रत्येक ओळीची एक बारीक आकृती, मग तशाच दोन जाड. धमकीच्या जागी मात्र एक बारीक, एक जाड, आणि लगेच पुढची ओळ. मुलांचं दुसरं म्हणणं कापलं गेलं होतं. त्यासोबत गुरुजींचे शब्दही गेले होते, ते त्यांनीच आठवून सांगितले: "मीच ती मूर्ती उचलून".

"अब लिखकर दूँगा," प्राध्यापक म्हणाले.

मी मनात सुटकेचे कागद जुळवत होतो. गुरुजींना त्याचं भानच नव्हतं. ते पुटपुटत होते, "खोलीत आम्ही दोघंच होतो. टेप त्याची, म्हणजे कापलंही त्यानंच. मूर्तीही त्यानंच नेली..." मग माझा हात घट्ट धरून ते ओरडले, "दरोगाजी, पोरगा जिवंत आहे हो!" आणि लहान मुलासारखे रडू लागले.

पुतण्या मिर्झापूरच्या एका धर्मशाळेत सापडला, मूर्ती पिशवीत घेऊन दलालाची वाट पाहत. काका आत गेला की आड येणारं कुणी उरणार नाही, असा त्याचा हिशेब. ठाण्यात गुरुजींनी त्याच्या कानाखाली एक लगावली आणि त्याच दमात विचारलं, "जेवलास का?"

मी हात जोडून गुरुजींची माफी मागितली. ते म्हणाले, "कोठडीचं काही नाही. पण तुम्ही होड्या घातल्यात आणि मीही मानलं की तो गेला. आत बसून मी त्याच्या श्राद्धाची तिथी ठरवत होतो."

चूक पोलिसाच्या डायरीत दुरुस्त करता येते. माझ्या खात्रीपायी त्या माणसाने जिवंत मुलाचं सुतक मनात पाळलं, ते कुठे दुरुस्त करणार? पुढे निवृत्तीपर्यंत, प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, कुणाच्या घरच्याला 'गेला असेल' असं मी कधी म्हटलं नाही.