दुकानातलं लडाख

मिक्सर बघायला म्हणून आम्ही मुलुंडच्या त्या मॉलमधल्या दुकानात गेलो होतो. म्हणजे मी मिक्सरसाठी गेले होते. नवऱ्याच्या मनात वेगळंच होतं. मिक्सर मांडले होते तिकडे मी वळले, तर त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "आधी इकडे ये. तुला एक गंमत दाखवतो."

आम्ही दोघं एकाच बँकेत होतो, तिथेच जमलं, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी रुजलंच नाही. तो गंमत म्हणाला की मला धस्स होतं. मागच्या गमतीत घरी मालिश करणारी खुर्ची आली होती आणि सध्या तिच्यावर वाळलेले कपडे बसतात.

दुकानाच्या कोपऱ्यात दोरी लावून थोडी जागा मोकळी ठेवली होती. तिथे कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी उभी होती आणि तिच्या हातात तो डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा डबा होता. "आंटी, चष्मा राहू द्या. फक्त घाबरू नका हां, आणि चालायला जाऊ नका." नवरा तिला म्हणाला, "ते बर्फाचं लावा. काल मला दाखवलंत ना, ते." म्हणजे स्वारी काल येऊन गेली होती. मला सांगितलं होतं, भाजी आणायला जातो.

पुढच्याच महिन्यात आम्ही लडाखला जाणार होतो. तसे लग्न झाल्यापासून जाणार होतो. आधी मुलीची दहावी, मग बारावी, मग सासूबाईंचं आजारपण, मग बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट, मग लॉकडाऊन. दर वेळी कारण आलं आणि प्रत्येक कारण खरं होतं. बेत मात्र मोडला नाही. रविवारी चहा घेताना आम्ही ठरवायचो, तिथल्या तलावाच्या काठी खुर्च्या टाकून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, थर्मासमधला चहा प्यायचा. थर्मास कुठला न्यायचा यावरून आमचं भांडणसुद्धा झालेलं आहे. या वर्षी दोघंही रिटायर, टूरचं बुकिंग झालं. मी थंडीचे कपडे आणले. नवे बूट पायाला सवयीचे व्हावेत आणि दम टिकावा म्हणून रोज सकाळी कॉलनीचा चढ चढू लागले.

टी-शर्टवाल्या मुलीने पट्टा आवळला आणि दुकान गेलं. समोर बर्फ. झकास होतं, खोटं कशाला बोलू. मान वर केली की शिखर, आणि खाली बघितलं तर माझे पायच नव्हते, नुसती दरी. कानाशी वारा वाहत होता. "अगं बाई!" म्हणत मी डावीकडे वळले, त्याला दाखवायला. डावीकडेही बर्फच होता.

"हे लडाख का गं?" मी विचारलं.

"नाय आंटी, कुठलं तरी फॉरेनचं आहे."

मग वारा जरा मंदावला आणि नवऱ्याचा आवाज ऐकू आला. डोळे बांधले की माणसाचे कानही बंद होतात अशी त्याची समजूत असावी. त्या डब्याने कान झाकले जात नाहीत.

"आम्ही लडाखलाच जाणार होतो," तो त्या मुलीला सांगत होता. "परवा कॅन्सल केलं मी. हिला अजून बोललो नाही. म्हटलं, आधी हे दाखवू, म्हणजे हौस तरी फिटेल."

"का सर? काय प्रॉब्लेम झाला?"

"प्रॉब्लेम कसला? खरं सांगू का, मला कधी जायचंच नव्हतं. तिथे जाऊन कुडकुडत बसायचं कशाला? हिलाच वेड आहे."

मी त्या फॉरेनच्या डोंगरावर तशीच उभी राहिले. डोळे भरून आले आणि शिखर पुसट झालं, पण डब्याच्या आत हात जाईना. "आंटी, काढू का?" तिने हळूच विचारलं. मी म्हणाले, "थांब जरा." बाहेर येऊन त्याचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

बाहेर आले तर तो हसत उभा. "काय, कसं वाटलं? सेम तिथे गेल्यासारखं ना?"

"मिक्सर बघू," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी चहा केला. पहिला घोट घेऊन त्याने चेहरा पाडला. "अगं, एक वाईट बातमी आहे. टूरवाल्यांनीच टूर रद्द केली. तिकडे रस्ते बंद आहेत म्हणे." इतक्या सफाईने बोलला की दुकानातलं कानावर पडलं नसतं तर मीच त्याला धीर दिला असता. आजवर दर वेळी मी तेच तर केलं होतं. सासूबाईंचं आजारपण काही खोटं नव्हतं, त्यांचं सगळं मीच केलं. पण त्यांच्या उशाशी बसून हा मनातल्या मनात सुटलो म्हणत होता का, हे आता मला कोण सांगणार?

"टूरवाल्यांनी नाही, तू रद्द केलीस," मी म्हणाले. "सगळं ऐकलंय मी."

तो चपापला आणि लगेच चिडला. "म्हणजे तू तिथे उभी राहून आमचं बोलणं ऐकत होतीस?"

"जायचं नव्हतं तर इतकी वर्षं हो हो कशाला म्हणत होतास?"

त्याने कप खाली ठेवला. "तू ते बोलताना इतकी खूश असायचीस ना. मला बघायला आवडायचं. नाही कसं म्हणणार?"

तो हे खरं बोलत होता. म्हणूनच माझं डोकं फिरलं. माझ्या बहिणीने मला दोनदा विचारलं होतं, चल आमच्याबरोबर लडाखला. तेव्हा माझे गुडघे धड होते, रजाही शिल्लक होती. मी ताठ्यात सांगितलं, आम्ही दोघं मिळून जाणार आहोत, त्याला मागे ठेवून मी कशी येऊ? ती जाऊन आली. तिचे फोटो मी याला दाखवले, तर याने चष्मा लावून एकेक नीट बघितला आणि म्हणाला, आपण याच्यापेक्षा चांगल्या हॉटेलात उतरू.

एकदा सरळ नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि बॅग भरून बहिणीबरोबर निघून गेले असते. त्याने हो म्हणून म्हणून मला घरी बसवलं.