पदरावरची बाभूळ
हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाचा वास आला, की परतूरचं आमचं लुगडी छापायचं अंगण आठवतं. मी नवी नवरी होते, अन् माहेरच्या विहिरीवर डावीकडं झुकलेल्या, फुलांनी पिवळ्याधमक बाभळीची फार याद यायची. एकदा नवऱ्याजवळ तसं बोलले. दुसऱ्या दिवशी ते लाकडी ठोकळा घेऊन माझ्या माहेरी गेले अन् झाडासमोर बसून ठसा कोरून आले. माझ्या पदरावर छापला, तर फांदी उजवीकडं झुकलेली! त्यांचा चेहरा उतरला. “झाड बघण्याच्या नादात ठसा उलटा कोरायचा राह्यला. थांब, दुसरा करतो.” “न्हाई, ह्योच राहू द्या,” म्हणत मी पदर घट्ट धरला. आता ते नाहीत, बाभूळही कधीच तोडली. डोळे मिटले की पदरावरची, उजवीकडं झुकलेलीच दिसते. माहेरची कितीही आठवली तरी डोळ्यांपुढं येत नाही.