रेडिओवरची फ्लॉपी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, लेकीला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं कोणी समोर बसलं की मी अलगद विषय बदलते. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

अठ्ठ्याण्णव साल. नगरला सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. पारनेरहून आलेली तेवीस-चोवीस वर्षांची पोर मी, पण सगळे मला मॅडम म्हणायचे. बापाच्या वयाची माणसं खुर्चीतून उठायची हो! डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं? मॅडमना सगळं येतं, असं लोकांना वाटायचं. पुढंपुढं मलाही वाटायला लागलं.

दुपारी क्लास रिकामा असायचा. तेव्हा साळवेकाका यायचे, सोबत काकू. काका मालगाडीवर ड्रायव्हर होते. नजर अधू झाली म्हणून इंजिनावरून उतरवलेले. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं — वर्ष, फार तर दीड वर्ष, मग काही दिसायचं नाही. आमच्याकडे आगगाडी चालवायचा एक गेम होता. त्यात आपला स्वतःचा मार्ग घालता यायचा. नुसते आकडे लिहायचे: इतक्या मीटरवर वळण, इतक्यावर सिग्नल, इथे चढ, इथे उतार. काकांनी मनावर घेतलं, की नगर ते राहुरी लाइन त्यात बसवायची आणि दिसतंय तोवर एकदा चालवायची. एवढंच हवं होतं त्यांना.

आठ महिने खपत होते दोघं. काकांची जुनी वही काकू वाचायच्या, चौथी शिकलेल्या, ओळीवर बोट ठेवून. आणि काका पडद्याला नाक लावून एका बोटानं टाइप करायचे.

"विळदचा उतार आला का गं?"

"आला की. आता बिरेक मारा, न्हाईतर जाताय खाली!"

आणि दोघं हसायचे. मला हेवा वाटायचा त्यांचा, खरंच सांगते. दर शनिवारी मी त्यांच्या फाइली फ्लॉपीवर उतरवून द्यायचे. काकू ती रुमालात बांधून घरी न्यायच्या, सोमवारी परत आणायच्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. नवा मार्ग नव्या नावानं ठेवायचा असतो. मी मात्र काकांना गेमबरोबर आलेल्या नमुन्याच्या फाइलींतच लिहायला लावलं. "नावं बदलू नका काका, गेम रुसतो," असं ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे नावं कशी बदलायची ते मलाच येत नव्हतं.

आता येते त्या सोमवारवर. — येते, जरा थांबा.

एका मासिकासोबत सीडी आली होती. तिच्यात परदेशातला एक मार्ग होता, बर्फाचे डोंगर, लाकडी पूल; तोही नमुन्याच्याच नावांच्या फाइलींत. मला सकाळच्या बॅचपुढे मिरवायचं होतं. बसवायला घेतला. पडद्यावर विचारणा आली, या नावाच्या फाइली आधीच आहेत, त्यांच्यावर लिहू का? धड वाचलंसुद्धा नाही. 'सगळ्यांना हो' दाबलं. नंतर काकांचा मार्ग उघडला, तर नगर स्टेशनच्या जागी बर्फ.

पायाखालची वाळू सरकली. मग आठवलं, अगं, फ्लॉपी आहे की! दुपारी दोघं आल्याआल्या मी सांगितलं, सकाळी लाइट गेली आणि मशीनवरचं उडालं. पहिलं खोटं. ते सहज खपलं. उलट काकाच मला धीर द्यायला लागले, "फ्लॉपी हाय न्हवं, मग कशाला घाबरता मॅडम?" काकूंनी रुमाल सोडून फ्लॉपी माझ्या हातात दिली. मी उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. जीव भांड्यात पडला.

आणि घाईत मी कॉपी उलटी मारली. फ्लॉपीवरचं मशीनवर आणायचं, तर मशीनवरचं फ्लॉपीवर गेलं. नावं तीच, त्यामुळे बर्फ तिकडेही जाऊन बसला. 'आधी कुठून, मग कुठे' — हे मी रोज फळ्यावर लिहायचे. रोज!

काका पाठीमागे उभे होते. "आली का आपली लाइन?"

चूक झाली काका. तीन शब्द. काय झालं असतं? रागावले असते, कदाचित तेही नाही. पण मॅडमची मॅडमकी गेली असती ना! मी वळून काकूंना विचारलं, "घरी कुठं ठेवता ही?" असं का विचारलं? मला काय सापडायला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"रेडिओवर ठिवते की," काकू म्हणाल्या. "उंचावर, धूळ लागू नये म्हनून."

रेडिओच्या स्पीकरात लोहचुंबक असतो, चुंबकाजवळ फ्लॉपी पुसली जाऊ शकते. हेही मीच शिकवायचे. "अहो काकू! रेडिओवर? मग संपलंच की सगळं!" म्हणाले, आणि वर कपाळाला हात लावला.

काका ओरडले नाहीत. काकूंकडे तोंड करून एवढंच म्हणाले, "आठ म्हैनं गं. आठ म्हैनं." काकू रुमालाची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि चोर तिथेच मान हलवत उभा होता.

वही शाबूत होती. मला दहाही बोटांनी टाइप करता यायचं. काकूंनी वाचलं असतं, मी लिहिलं असतं, तर महिन्याभरात लाइन उभी राहिली असती. मग का नाही केलं? मॅडमना एवढा कळवळा कशाचा, असं कोणी विचारेल म्हणून. भित्री होते मी. दोघं पुन्हा क्लासला आले नाहीत.

वर्षाभरानं माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेले. आज सांगायचंच, असं ठरवून. काका खिडकीशी बसले होते. नजर पार गेलेली. लांबून हॉर्न आला की कुठली गाडी ते सांगायचे. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, रेडिओ नाही लावत?"

"तिनं भंगारवाल्याला दिला," काका म्हणाले. "त्याच दिशी."

आंधळा माणूस, आणि घरात रेडिओ नाही. मी उठून काकूंकडे आत गेले. त्या चहा गाळत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मॅडम, माज्या हातनं लई वंगाळ झालं बगा. डोळं हुतं तवर एकदा चालवायची हुती त्यांना. मी घालवली."

हीच वेळ होती. बोलायला यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळते?

मी म्हणाले, "जाऊ द्या काकू. माणसाकडून होतं असं. मनात नका ठेवू."

ऐकलंत ना? मी काकूंना माफ केलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. मग डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढून दिला, आणि मी तो तिथेच उभी राहून खाल्ला.

काका गेले, मग काकूही गेल्या. दोन्ही वेळा मी जाऊन बसून आले.

फ्लॉपी चांगली होती. काकूंनी रुमालातून काढून माझ्या हातात दिली, तेव्हा तिच्यावर नगर ते राहुरी सगळी लाइन होती. विळदचा उतारसुद्धा होता.