इस्त्रीची सुरकुती

आमच्या खाणीवरच्या बुलडोझरवाल्याला सगळे 'इस्त्री' म्हणत. त्याच्या अंगातल्या शर्टाकडे पाहून हे नाव कुणालाच सुचलं नसतं. तो शर्ट रात्रभर डब्यात कोंबून ठेवल्यासारखा दिसे. नाव पडलं होतं हाताच्या सफाईवरून. यंत्राचं पातं टेकवून तो एकदा जमिनीवरून फिरला, की मागच्या मातीवर गोटी ठेवावी आणि तिनं बापडीनं विचारात पडावं, आता जायचं कुठं?

खाण संपली तेव्हा खड्डा बुजवायचं काम त्याच्याकडेच आलं. अर्धं आयुष्य ज्यानं उकरलं, त्यानंच आता भरायचं. "खाल्लेलं परत ताटात वाढतोय," असं तो म्हणे आणि स्वतःच हसे.

एकाच माणसासमोर मात्र त्याला हसू फुटत नसे. सासऱ्यांसमोर. कारण खड्ड्याच्या पूर्वेच्या भागात पूर्वी सासऱ्यांचं शेत होतं, आणि ते खणलं होतं जावयानं. खाणीनं जमीन घेतली होती, काम संपल्यावर परत द्यायच्या बोलीवर. यंत्रावर कोण बसलंय हा निव्वळ नशिबाचा भाग. पण म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? इस्त्री दारात आला की सासरे आत ओरडत, "अगं, पाणी आण. आमचं शेत जेवलेले पाहुणे आलेत!"

आता ते शेत परत द्यायची वेळ आली होती. म्हाताऱ्याचं वय झालं होतं, आणि आपल्या मातीत एकदा तरी पुन्हा पेरायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. इस्त्रीनं जीव ओतला. खणण्याआधी खरवडून बाजूला रचलेली वरची काळी माती त्यानं भरावावर पसरली आणि मग तिच्यावर पात्याचा हात फिरवला. पुन्हा फिरवला. सासऱ्यांना द्यायचं म्हणजे साधंसुधं देऊन कसं चालेल?

त्यावर गवताचं बी टाकलं. काही उगवलं नाही. पावसाचं पाणी काचेवरून घसरावं तसं घसरून गेलं.

माती तपासणाऱ्या बाई फावडं घेऊन आल्या. फावडं टण्ण वाजलं.

"दादा, तुम्ही माती नाही पसरलीत. फरशी बसवलीत."

"थँक्यू, मॅडम," इस्त्री म्हणाला. त्याला ते कौतुकच वाटलं होतं.

बाईंनी मग समजावलं. एवढ्या वजनाखाली दबून माती दगड झालीय. मुळांना वाट नाही, पाण्याला बसायला जागा नाही. अजून एकदा करून बघू. नाहीच जमलं तर इथं झाडं लावून मोकळे होऊ, शेताचा विचार सोडू.

सासरे बांधावर बसून ऐकत होते. एकही टोमणा त्यांनी मारला नाही. इस्त्री घाबरला तो त्या गप्प बसण्याला.

"मग करू काय?"

"यंत्राचे मागचे लोखंडी दात खोल घालून सगळं फाडा. ढेकळं वर येतील, ती तशीच ठेवा. वरून हात फिरवायचा नाही."

हात फिरवायचा नाही! न्हाव्याला अर्धी दाढी ठेवून ऊठ म्हणण्यासारखंच ते. इस्त्रीनं पहिली ओळ फाडली आणि शेवटाला पोचताच सवयीनं पातं खाली आलं. ओळ गुळगुळीत. दुसऱ्या ओळीचंही तेच. बायको डबा घेऊन आली होती. तिनं डबाच हलवून यंत्र थांबवलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"जरा नीट करतोय."

"नीट करू नका! तुमच्या शर्टाकडे बघा."

"शर्टाचं काय?"

"तश्शी माती करा. जन्मभर जमलंय की तुम्हाला, बिनकष्टाचं!"

बांधावरून खोकल्यासारखा आवाज आला. सासरे हसत होते.

शेत इतकं विद्रूप झालं, की इस्त्री घरी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. गवताचं बी पुन्हा टाकलं. मग पाऊस झाला आणि प्रत्येक खळग्यात पाणी थांबलं. थांबलं आणि आत गेलं. एका सकाळी ढेकळांच्या कडांवर हिरवी लव दिसली. ती गुडघ्याएवढी झाली. ससे आले, चंडोल आले. त्यांना निरोप कुणी दिला होता? आणि त्या गवतात, कुणी न पेरलेलं, एक निळ्या फुलाचं रोप उभं होतं. इतकी वर्षं रचलेल्या मातीच्या पोटात त्याचं बी झोपून राहिलं होतं. सासरे त्याच्यापुढं उकिडवे बसले.

"मेल्या, तू होय? जन्मभर उपटलं रे तुला!" आणि त्या तणाला त्यांनी हळूच बोट लावलं.

पुढच्या दोन वर्षांत गवत मातीतच जिरवलं. बाईंनी पुन्हा फावडं रोवलं. ते दांड्यापर्यंत गेलं आणि वर आलं ते गांडूळ घेऊन. बाई एवढंच म्हणाल्या, "पेरा."

पेरणीला ट्रॅक्टरवर इस्त्री, शेजारी चाकावरच्या पत्र्यावर सासरे. मध्यावर एक टिटवी किंचाळत थेट चाकांपुढं आली आणि पंख पसरून उभी राहिली. मूठभर पाखरू, आणि समोर एवढं धूड! इस्त्रीनं ब्रेक दाबला. खाली उतरून दोघांनी खूप शोधलं तेव्हा कुठं दिसली: ढेकळांच्या मधल्या खळग्यात चार अंडी, अगदी ढेकळांच्याच रंगाची. गुळगुळीत जमिनीवर ती कावळ्याला मैलावरून दिसली असती.



"जावईबापू," सासरे म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडी लग्नानंतर पहिल्यांदाच आला असावा. "बाजूनं घ्या."

"ओळ वाकडी होईल, मामा."

"होऊ द्या की. शेत आमचं आहे."

रोपं वर आली तेव्हा वरच्या रस्त्यावरून ते स्पष्ट दिसे. सगळ्या ओळी सुतात सरळ, आणि मधोमध, एका जागेला वळसा घालून गेलेली एक सुरकुती. इस्त्री आता जवळच्या रस्त्यानंच घरी जायचा, आणि तिथं हटकून थांबायचा.