अंगठ्याखालची ओळ

सोळा वर्षं विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या बाई उतरण्यापूर्वीची चेकलिस्ट कधीही तोंडपाठ म्हणत नसत. उजव्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड आणि वाचायच्या ओळीवर अंगठा. एक काम झालं की अंगठा एक ओळ खाली. "पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून वाचतात," असं विद्यार्थी पाठीमागे हसून म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

म्हणूनच त्या मंगळवारी घडलेलं त्यांना पटेना. डावीकडे शिकाऊ म्हणून दातांचे डॉक्टर, समोर धावपट्टी, आणि विमान जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर आलं असताना रेडिओवर, धावपट्टीच्या मनोऱ्यात कामाला असलेल्या नणंदेची किंकाळी: "वहिनी, चाकं! वर घ्या, वर!" डॉक्टरांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला. पोटात मिटलेल्या चाकांसह विमान पुन्हा वर चढलं. दुसऱ्या फेरीत ते सुखरूप उतरलं.

"पत्रा खरचटला नाही, पंखा वाकला नाही," मेकॅनिक म्हणाला. "कशाला अहवाल लिहीत बसता?"

लिहिलं, तर फेरपरीक्षेपर्यंत बाईंचं शिकवणं बंद होणार होतं. शिवाय उतरत्या विमानाशी रेडिओवर घरगुती बोलल्याबद्दल नणंदेला आधीच दोनदा ताकीद मिळाली होती. पण बाईंच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला होता. आपण प्रत्येक ओळ वाचली, हे त्या शपथेवर सांगू शकत होत्या. मग चाकांची ओळ गेली कुठे?

दुपारी त्यांनी डॉक्टरांना उभ्या विमानात आपल्या शेजारी बसवलं आणि नणंदेला दाराशी उभं केलं.

"वन्सं, किंकाळीच्या आधी, मी कार्ड वाचत असताना रेडिओवर काय बोललात ते शब्दन् शब्द बोला."

"काय बाई वेळ आणलीत!" नणंद पुटपुटली; मग आवाज चढवून, "परवा जेवायला येताय ना, की पुन्हा विद्यार्थ्यांचं निमित्त?"

"येते हो, आधी उतरू तर द्या," असं म्हणत बाईंनी कार्ड धरलेल्या हाताच्या अंगठ्यानेच रेडिओचं बटण दाबलं आणि सोडलं. अंगठा बरोबर तिसऱ्या ओळीवर परतला: चाकं खाली, तीन हिरवे दिवे. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"बाई," डॉक्टर चाचरत म्हणाले, "आत्ता तुम्ही अंगठ्याकडे बघताय. तेव्हा धावपट्टीकडे बघत होतात."

बाईंनी नजर समोर लावली. नणंद बोलली, बाई उत्तरल्या. मग त्यांनी खाली पाहिलं. अंगठा चौथ्या ओळीवर विसावला होता, अगदी निर्धास्त, जणू तिसरी ओळ कधीच उरकली होती.

"मी दात तपासताना कोणी मध्येच बोललं," डॉक्टर म्हणाले, "तर पुन्हा पहिल्या दातापासून सुरू करतो. पेशंट वैतागतात."

"मला हे सोळा वर्षांत सुचलं नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाई अहवाल लिहीत असताना नणंद समोर येऊन बसली. "माझं वाक्य गाळता येणार नाही का हो?"

"ते गाळलं, तर अंगठा का हलला, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

नणंदेने कागद आपल्याकडे ओढला. "मग जसंच्या तसं लिहा. 'निमित्त' या शब्दासकट. अर्धवट लिहिलंत, तर मी काय काय बोलले असेन, असं वाटेल लोकांना." आणि बाईंच्या सहीखाली तिने आपली सही केली.

शिकवणं बंद झाल्याची चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी आली. नणंदेची बदली रेडिओवरून कचेरीत झाली. बाईंना वाईट वाटलं, पण झोप उडाली ती एका निराळ्या शंकेने. कार्ड घेऊन त्या मेकॅनिककडे गेल्या.

"या सहा ओळींपैकी किती अशा आहेत, की माझ्याकडून राहून गेल्या तरी जमिनीवरून कोणाला दिसणारच नाहीत?"

मेकॅनिकने हात पुसले, कार्ड उजेडात धरलं आणि एकेक ओळ सावकाश वाचली.

"पाच," तो म्हणाला.