अभ्यासाचं गाणं

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मॅडमनी आम्हाला सेमिनारला विषय दिला. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी सुनीत आणि आजचं एक इंग्रजी पॉप गाणं घ्यायचं, आणि दोन्हींत प्रेमभंग कसा आलाय ते लिहून वर्गात वाचायचं. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. मला हसू आलं नाही. बारा दिवसांपूर्वी आमच्याच वर्गातल्या एकानं मला गाड्या लावतात तिथं गाठून सांगितलं होतं, की घरच्यांनी लग्न ठरवलंय, मुलगी ईट गावची आहे, आता आपण बोलायला नको. तो दुसऱ्या रांगेत बसून विषय उतरवून घेत होता.

आमचं गाव येडशीच्या पुढं. धाराशिवला कॉलेजला एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करतात. त्यांची सातवीलाच शाळा सुटली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पोरीला किती शिकवायचं, असं लोक त्यांना विचारायचे. त्यांनी मला कधी विचारलं नाही. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तो कागद ते खिशात घालून कामावर घेऊन गेले होते, आणि संध्याकाळी सिमेंटचे डाग पडलेला परत आणला. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांची चूक कुठंच नाही.

आमचं आणि थोरल्या चुलत्यांचं घर एकाला एक लागून आहे. मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नाही, वर हातभर जागा मोकळी. चुलतीला मी मोठी आई म्हणते. तिकडं भाजी करपली की आम्हाला कळतं, आणि इकडं कुणी शिंकलं की ती तिकडून सुंठ घ्यायला सांगते. अशा घरात मला एक गाणं पाठ होईपर्यंत ऐकायचं होतं. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत. इंग्रजी कागदावर कळायचं, कानाला कळायचं नाही. म्हणून फोन कानाशी धरून एक ओळ ऐकायची, थांबवायची, लिहायची, मागं न्यायची. गाण्यातली मुलगी सांगत होती की तो गेला त्याला बरेच दिवस झाले, आणि मी बरी आहे.

शब्द कळत नव्हते तोवर माझं ठीक चाललं होतं. पाच-सहा दिवसांत सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं, आणि मला रडू आवरेना.

रविवारी सकाळी आप्पा चहा पीत बसले होते. मोठी आई आली आणि दारातच बसली.

"भावजी, एक इचारू का? राग धरू नका."

"बोला की वहिनी."

"पोरगी आठ दिस झालं एकच गाणं लावती. त्यात एक बाई रडती, आन् तिच्यासंगं हीबी रडती. माझ्या कानानं ऐकलंय."

"अभ्यास करती ती," आई चुलीपाशी बसून म्हणाली.

"अभ्यासाला गाणं असतंय व्हय? आमची पोरं शिकली न्हाईत म्हणून काय आमाला एवढंबी कळंना?" मग ती आप्पांकडं वळली. "माझ्या माहेराकडं एक स्थळ हाय. चांगली मान्सं हायत. परीक्षा काय, लग्न झाल्यावरबी देता येती."

परीक्षेला दोन महिने होते. आप्पांनी नुसती मान हलवली असती तरी माझं धाराशिव त्या दिवशी बंद झालं असतं.

"वही आण," ते म्हणाले.

मी वही दिली. डाव्या पानावर सुनीत, उजव्या पानावर गाणं. आप्पांना इंग्रजी येत नाही. बांधून झालेली भिंत बघतात तसं त्यांनी ते पान बघितलं, जरा लांब धरून. मग ओळींच्या कडेनं बोट फिरवलं.

"हे कुणी लिवलंय?"

"लई जुना माणूस आहे, आप्पा. साहेबाच्या देशातला."

"एका मापात बसवलंय सगळं. काय म्हणतो गडी?"

"एका बाईनं त्याला नाही म्हटलं. आता तो म्हणतो, मी तुझा कैदी झालोय, आणि तुला दया येत नाही."

"आन् ती काय म्हणती?"

"ती बोलतच नाही. चौदा ओळी सगळ्या त्याच्याच."

"मंग ही काय केस झाली? एकाच बाजूचा जबाब."

"गडीमान्साचं असंच असतंय," मोठी आई म्हणाली. आप्पासुद्धा हसले. मग त्यांनी बोट उजव्या पानावर नेलं.

"हिथं एकच ओळ चार बार का लिवलीय?"

"ते धृपद. तेच परत परत गातात."

"काय गाती?"

"मी बरी आहे म्हणते."

"चार बार?"

"व्हय."

"मंग बरी न्हाय ती." त्यांनी वही मिटली. "कुणी हाय का?"

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. आईचं भाकरी थापणं थांबलं.

"न्हाय, आप्पा."

हे खरं होतं. आता कुणी नव्हतं. खरं होतं म्हणूनच माझा आवाज हलला नाही.

"मंग रडतीस का?"

"गाणं तसं आहे. अर्थ कळला की रडू येतं."

हेही खरंच होतं. खऱ्याला खरं जोडून मी त्यांच्याशी खोटं बोलत होते, आणि ते माझ्याकडं इतक्या विश्वासानं बघत होते की मला मान खाली घालायचीही सोय नव्हती.

"वहिनी, अभ्यास हाय तो," आप्पा म्हणाले. "माझी पोरगी माझ्याशी खोटं बोलत न्हाय." मग मला म्हणाले, "आन् तू असं कानाला लावून चोरून ऐकू नको. मोठ्यानं लाव. शिकण्यात कसली लाज?"

त्या दिवसापासून आप्पा कामावरून आले, हातपाय धुऊन टेकून बसले, की म्हणायचे, "लाव तुझं गाणं. ऱ्हाऊन जाईल." माझे शब्द उतरवून झाले होते. ते गाणं मला नकोसं झालं होतं. पण लावलं नसतं तर अभ्यास नव्हता हे ठरलं असतं, म्हणून रोज लावायचे, आणि वहीत काहीतरी खरडत चेहरा सरळ ठेवायचे. "आवाज वाढव गं जरा," मोठी आई भिंतीपलीकडून म्हणायची. आठवडाभरात आप्पांना चाल ओळखू यायला लागली. धृपद जवळ आलं की ते बोट वर करायचे, "आली बघ, बरी हाय!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

सेमिनारमध्ये मी आप्पांचंच बोलणं इंग्रजीत मांडलं. सुनीतातला पुरुष मापात भिंत बांधून स्वतःला आत कोंडून घेतो आणि तुरुंग बाईचा म्हणतो. तिची बाजू कुणी विचारलेली नाही. गाण्यातली मुलगी बोलते, तिला भिंतही नाही, पण प्रत्येक कडव्यानंतर ती जिथून निघाली तिथंच येते. मॅडम म्हणाल्या, "हे कुठल्या पुस्तकातलं नाही. कसं सुचलं?" मी म्हणाले, घरी चर्चा झाली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेतल्या त्यानंही वाजवल्या. त्याची लग्नपत्रिका वर्गात वाटून झाली होती.

पुढं मी परीक्षा दिली, पास झाले, आणि आज कॉलेजात शिकवते ती आप्पांनी त्या रविवारी मान हलवली नाही म्हणून. त्यांना खरं अजून सांगितलेलं नाही.

सेमिनार झाला त्या दिवशी परत येताना एसटीत मी ते गाणं फोनमधून काढून टाकलं. घरी आल्यावर मॅडम काय म्हणाल्या ते आप्पांना सांगितलं. ते लहान पोरासारखे खुश झाले. "माझं बोलणं कॉलेजात वाचलंस?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

"झालं आता, आप्पा. गाण्याचं काम संपलं."

"काम संपलं म्हणून काय झालं? आज तर लावायलाच पायजे."

"लाव की गं," पलीकडून मोठी आई.

रेंज कमी होती. गाणं परत फोनमध्ये उतरवून घ्यायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून, थांबून राहिले. मग ते सुरू झालं. मी बाहेर जायला उठले. पण त्यांनी डोळे न उघडता शेजारच्या जागेवर हात थोपटला, आणि मी त्यांच्याजवळ बसले.